मामाजींची जाळी

मामाजी, म्हणजे माझे सासरे, कधी कोणावर आवाज चढवत नसत. पण गाडीचं धुतलेलं एअर फिल्टर कोणी उन्हात ठेवलं, की सौंसरच्या आमच्या गल्लीला त्यांचा आवाज ऐकू जायचा. "सावलीत ठेव वं. कडक होते जाळी." फिल्टरला ते जाळीच म्हणत.

सासूबाईंना डायलिसिससाठी सारखं नागपूरला न्यावं लागे. एकदा सावनेरजवळ गाडी धापा टाकत बंद पडली आणि त्या भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. मेकॅनिकने फिल्टर काढून दाखवलं. कापसाच्या धुळीने गच्च भरलेलं. मामाजींनी कागदी फिल्टर त्याच दिवशी टाकून दिलं आणि धुऊन वापरायचं कापडी आणलं.

एवढं सारखं धुवायची गरज नाही, असं मेकॅनिक सांगायचा. मामाजी ऐकून घेत आणि घरी येऊन बादली भरत. साबणाचं पाणी, मग आतून बाहेर हलकी धार, ब्रश अजिबात नाही. जाळी पूर्ण वाळली की धूळ धरून ठेवायला प्रत्येक घडीवर लाल तेलाची बारीक रेघ, आणि मगच ती गाडीत बसायची. एकदा मी लवकर वाळावी म्हणून माझा हेअर ड्रायर घेऊन आले. "सूनबाई, तिले लग्नाले जाचं नाई," मामाजी म्हणाले.

ओसरीवर बसलेल्या सासूबाई पोट धरून हसल्या. "माह्यापेक्षा त्या जाळीचीच सेवा जास्त करून राहिले हे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तसं काही नव्हतं. जाळी चाचपताना मामाजींची नजर सासूबाईंच्या सुजलेल्या पायांवर असायची.

जाळी ओसरीत दोरीला वाळत होती, दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचं होतं, आणि सासूबाई सकाळचा चहा घेता घेता गेल्या.

तेरवी झाल्यावर मामाजींना जरा बाहेर न्यावं म्हणून मी जामसांवलीला दर्शनाला चला म्हटलं आणि तेलाची बाटली पुढे केली. त्यांनी जाळीवरून बोट फिरवलं. "ओली हाये अजून," म्हणाले. मी हात लावून पाहिला. ती कोरडी ठणठणीत होती. मला रडू आवरेना. त्यानंतर कुठेही जायचं निघालं, की त्यांचं तेच उत्तर असे.

पुढच्या उन्हाळ्यात मामाजीही गेले. परवा माझे यजमान म्हणाले, "गाडी विकून टाकू. ते फिल्टर बसव न तिच्यात."

मी दोरीपाशी गेले, घड्यांवरून बोट फिरवलं.

"ओली हाये अजून," मी म्हटलं.