मोट उतरली, झोका होता

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. जळगावच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं हाताला धरून बसवलं, की मी पुन्हा उठून येरझाऱ्या घालायची. आत आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दावा चालला होता आणि साक्ष मला द्यायची होती. निकाल विरुद्ध गेला तर आबांना दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करावी लागणार होती. बसवेल कसं?

आबांनी रावेरजवळ एक वावर खंडानं केलं होतं. खंडाची मुदत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपली. केळीचे घड मात्र झाडावरच होते. मालक धुळ्याला राहायचा. "केळी निघेपर्यंत राहा," असा त्याचा तोंडी निरोप आला होता.

आमच्याकडे मुदत संपली की खंडकऱ्यानं विहिरीवरची मोट उतरवायची, अशी रीत. आबांना वावर सोडायचं नव्हतं, तरी आखाजीच्या सकाळी त्यांनी मोट उतरवलीच.

आईनं कपाळावर हात मारला. "जायाचं नाही, त मोट काहाले उतरवता?"

"रीत ते रीत. उद्या पुन्हा चढवू," आबा म्हणाले.

असला सरळपणा मला आजही सोसत नाही. आखाजीला लेकी माहेरी येऊन झोका खेळतात, तशी मीही सासरहून आले होते. मोटेचा नाडा, तो जाड दोर, मोकळा झाला, म्हणून आबांनी त्याचाच झोका विहिरीजवळच्या निंबाला बांधून दिला.

दुपारी मी झोक्यावर होते, तेवढ्यात शेजारचा शेतकरी गडी घेऊन आत घुसला. त्या विहिरीवर त्याचा कधीचा डोळा होता. "मोट खाली, म्हंजे वावर सुटलं," म्हणत त्यानं झोक्याचा नाडा विळ्यानं कापला. मी आपटले. मग त्यानं स्वतःची मोट चढवली आणि पुढच्या दिवसांत आमचे घड कापून नेले.

आमच्या वकिलांनी समजावलं होतं, "मुदत संपली तरी कब्जा तुमचाच. ऊठ म्हणायचा अधिकार मालकाला; तिऱ्हाईत शिरला तर दावा लावता येतो. फक्त त्या दुपारी कब्जा होता हे दाखवा."

अखेर माझी हाक आली. मी पिंजऱ्यात उभी राहिले, तर पलीकडचे वकील मिश्कील हसले.

"बाई, तुमचं लग्न झालंय. माहेरावर तुमचा हक्क राहिला नाही. वडिलांची तर मुदतच संपलेली. मग त्या वावरात तुम्ही कोणत्या हक्कानं बसला होतात?"

माझं डोकंच फिरलं. "मुदत माझीही संपलीय, साहेब. तरी दरसाल आखाजीला आबा झोका बांधतात. मला ऊठ म्हणायचं तर ते म्हणतील. हा कोण?"

मुन्सफांनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. आबा पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होते. ते बघून मला रडू फुटलं आणि स्वतःचाच राग आला.

आबांनी बांधलेल्या झोक्यावर लेक होती, म्हणजे कब्जा आबांचाच, असं धरून निकाल आमच्या बाजूनं लागला. भरपाईच्या पैशांत आबांनी दुसरं वावर खंडानं घेतलं. त्याचीही मुदत आखाजीला संपली, पण तेही सोडायचं नव्हतं. तेव्हा आबांनी मोट उतरवण्याआधी नवा दोर आणून तिथल्या निंबाला झोका बांधला आणि मला हाक मारली.

"बस अठी. मोट पुन्हा चढेलोक उठू नको."

आणि मी बसले. दुसऱ्या दिवशी मोट चढेपर्यंत मी त्या वावरातून हलले नाही.