वाकडे टाके

काल ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला महाळुंग्याची आमची ओसरी आठवली. तेव्हा माझं लग्न आठवड्यावर आलं होतं. आईने माझ्यासाठी शिवलेली गोधडी मी उलगडली. काठाचे टाके सरळ होते, पण मध्याकडे ते भरकटून एकमेकांवर चढले होते.

"सासरची माणसं हसतील मला," मी चिडून म्हणाले.

आई टाक्यांवरून बोटं फिरवत राहिली. "सरळच घातलं व्हतं गं मी. लई वाकडं दिसतंय का?"

मी बाजारातलं ब्लँकेट घेऊन बोरीला नांदायला गेले. भर उन्हात बसूनही आई सुई शेजारणीकडून ओवून घ्यायची, याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले. आई दारातच उभी होती. माझ्याकडे तोंड करून तिने विचारलं, "कोण आलंय?"