पाणीपाळीची पाटी आणि पाच चेहरे

आमच्या पाणी वापर संस्थेसाठी मी फोनच्या पहिल्या पडद्यावर बसणारी एक छोटी पाटी तयार करत होतो. तिला विजेट म्हणतात. काही उघडायचं नाही, दाबायचं नाही. फोन हातात घेतला की आज कालव्याचं पाणी कुठल्या चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पाटाला, आहे ते दिसावं, एवढंच तिचं काम. पूर्वी पाटकरी बांधावर येऊन पाळी सांगायचा. विजेट येणार म्हणून संस्थेने ते आधीच बंद करून टाकलं होतं.

माझ्या काकांचं रान चारीच्या अगदी शेपटाला. त्यांचा गहू ओंबीवर आला होता. ही पाळी हुकली तर दाणा भरणार नव्हता.

पहिला नमुना त्यांच्याच फोनवर टाकला. पडद्यावर त्यांच्या पांढऱ्या खिल्लाराचा फोटो, आणि माझी अक्षरंही पांढरी.

"ह्यात काय लिव्हलंय? मला नुसता बैलच दिसायलाय."

अक्षरांमागे गडद पट्टी दिली.

"आता वाचता येतंय. पण त्याचं तोंड झाकलंस कावून?"

पट्टी खाली नेली. मागचा फोटो पाहून तिचा रंग बदलेल अशी सोय केली. काकांना मोतीबिंदू, त्यांच्या फोनमधली अक्षरं सगळ्यांत मोठी. तेवढी अक्षरंही पाटीत मावतील असं बसवलं. कित्येक दिवस त्यातच गेले.

मग संस्थेची बैठक झाली. चौकातल्या फ्लेक्सकडे पाहावं तसं अध्यक्षांनी फोनकडे दुरून पाहिलं.

"चांगलं हाय. पण फोटू कुठंयत?"

"कुणाचे?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. एका संचालकाने समजुतीने सांगितलं, "साहेबांचा मधी, मोठा. आमचे चौघांचे खाली. फ्लेक्सवर असतात तसे."

"जागा दोन बोटांची आहे."

"मग अक्षरं बारीक करा की."

"ज्यांच्या फोनमध्ये अक्षरं मोठी आहेत, त्यांना पाण्याची ओळ दिसणारच नाही."

"म्हाताऱ्यांना घरचे वाचून दाखवतील," अध्यक्ष म्हणाले, आणि खालच्या रांगेत डावीकडे कोण, यावर चर्चा सुरू झाली. ती बराच वेळ चालली. पाण्याचा विषय त्यात आला नाही. राजे नाण्यांवर आपला चेहरा उमटवत, हे मी वाचलं होतं. पण नाण्याची किंमत कळेल एवढी जागा ते सोडत असावेत.

फोटो त्यांनी सांगितले तसे बसवले. पाळी सुरू झाली त्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला.

"पाचजण हासायलेत. त्याखाली 'आज पाणी' एवढंच हाय. फुडं कायच न्हाई."

मी माझ्या फोनवर पाहिलं. "काका, सकाळपासून तुमचीच चारी चालू आहे."

ते तसेच शेतात गेले. तोवर वरच्या लोकांनी पाणी आपापल्या रानात वळवून घेतलं होतं. शेवटी जी धार आली, ती अर्ध्या वाफ्यांतच जिरली.

कापणीच्या वेळी मी गेलो. अर्ध्या रानातला गहू भरला होता. उरलेल्याच्या ओंब्या हातात चोळल्या की भुसाच निघत होता. काकांनी तळहात झटकला आणि विचारलं, "तुझं ते काम पास झालं का?"

झालं होतं. एकमताने.