दोणवतीपासून घरापर्यंत

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसलोय आणि उरलेल्यांना "ॲसिडिटी झाली असेल" म्हणून सोडून दिलंय. आमच्या भागात अमावास्या, लिंबू, उलटे पाय असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा सांगायला जाणारा माणूस. आजही जातो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण मागच्या वर्षी बाबा गेले, आणि आता ही गोष्ट माहीत असलेली मोजकी माणसं उरलीत. म्हणून एकदा लिहून टाकतो.

२००३ चा उन्हाळा. शहापूर तालुक्यात आमचं घर आहे, खर्डी स्टेशनला उतरून उंबरमाळीच्या अंगाला. रिक्षा सोडली की थोडं चालावं लागतं. वस्ती धरणग्रस्तांची. आमचं मूळ गाव माझ्या जन्माच्या आधीच पाण्याखाली गेलं. कुठलं गाव, कुठलं धरण ते लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गाव उठलं तेव्हा लोक पांगले, कोणी मुरबाडकडे गेले, कोणी आणखी कुठे. आमच्या वस्तीत आमच्या गावचं दुसरं घर नाही. बाबा त्या गावाबद्दल चकार शब्द काढत नसत. आई लग्न होऊन आली ती याच घरात, तिनंही ते गाव पाहिलेलं नाही.

जुन्या गावची एकच वस्तू आमच्याकडे होती, ती म्हणजे घराचं कवाड. गाव सोडताना लोकांनी घरं मोडून वासे, खांब, दारं उचलून आणली होती. बाबांनी सागवानी कवाड चौकटीसकट आणलं आणि नव्या घराला बसवलं. विटांच्या भिंती, वर पत्रा आणि मध्ये ते भलं थोरलं कवाड. आई म्हणायची, पँटीवर फेटा बांधल्यागत दिसतंय.

आणि या कवाडाला बाबा कडी लावू देत नसत. दिवसा नाही, रात्रीही नाही. विचारलं की म्हणायचे, "उकडतं." थंडीतसुद्धा त्यांना उकडायचं.

आता आमचा बँड. नाव होतं ‘फाटक’. आसनगावच्या रेल्वे फाटकात अडकून पडलेलो असताना सुचलेलं. पोस्टर वाचून लोक विचारायचे, हे फाटक कुठले? गाणारा आणि गिटार वाजवणारा निखिल, ड्रम्सवर आशिष, दोघंही डोंबिवलीचे. मी बेसवर. आम्ही मराठी रॉक करायचो, म्हणजे आमच्या मते. मुंबईत कॅसेटी काढणाऱ्या एका गृहस्थांनी पावसाळ्याआधी डेमो आणून द्या म्हटलं होतं, आणि आशिषनं त्याच्या मामेभावाचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर मागून आणला होता. डोंबिवलीत ड्रम्स वाजले की अख्खी सोसायटी दारात यायची, म्हणून मुक्काम आमच्या घरी.

माजघरात गोधड्या टांगल्या. कोपऱ्यात भाताची कणगी होती, तिच्यामुळे आवाज घुमत नसे. लाइट असेल तेव्हा रेकॉर्डिंग, लोडशेडिंग सुरू झालं की पडवीत बसून चाली बांधायच्या. पहिल्याच दिवशी मी बाबांना म्हटलं, "लोकांचं मशीन घरात आहे, रात्री कडी लावूया." बाबा म्हणाले, "मी झोपतो दाराशी. कडी नाय लावायची." आणि खरंच अंथरूण घेऊन दाराशी झोपले. मी चिडलो होतो, पण बाबांपुढे कोण बोलणार?

इथे निखिलची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच आहे. त्याला आधी चाल सुचायची. शब्द नसायचे, मग त्या जागी तो तोंडाला येईल ते गायचा. याला आम्ही ‘डमी’ म्हणायचो. खरे शब्द नंतर सावकाश बसवायचे. एरवी त्याचे डमी म्हणजे "डब्यात भेंडी, भेंडीत डबा" असले. पण त्या उन्हाळ्यात काहीतरी झालं होतं. ज्या बँडला एक गाणं बांधायला दोन महिने लागत, त्याला जवळपास रोज एक चाल मिळत होती. आणि डमीही वेगळे होते. पहिल्या गाण्यात एकच शब्द पुन्हापुन्हा — "दोणवत... दोणवत". हे गाणं तो डोंबिवलीहून घेऊनच आला होता, त्याच्या घरी टेप केलेलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी पण यावरच अडलोय. दुसऱ्या गाण्यात "घोणसळ". मग "लांबोडी". आम्हाला वाटलं, काय नाद आहे शब्दांना. आशिष तर म्हणाला, हेच ठेवूया, लोकांना वाटेल काहीतरी खोल आहे.

"लांबोडी" रेकॉर्ड झालं त्या दुपारी बाबा पडवीत दोर वळत बसले होते. मी पाणी प्यायला बाहेर आलो तर दोर तसाच पायात धरून माझ्याकडे बघत होते.

"ही नावं तू सांगितलीस त्याला?"

"कसली नावं?"

"दोणवत, घोणसळ, लांबोडी."

"ते डमी आहेत, बाबा. काय पण शब्द. त्यांना अर्थ नसतो."

बाबांनी दोर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आपली खाचरं हायेत ती. पान्याखाली गेलेली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं, माणसाला असावं तसं. ते घरच्यांनाच ठाऊक असतं. मला आमच्या बुडालेल्या खाचरांचं एकही नाव माहीत नव्हतं, तर निखिलला काय सांगणार? मी म्हटलं योगायोग असेल. बाबांनी माझा दंड धरला. "पुढचा खाचर आवळटेप. उद्या काय म्हनतो बघ. त्याला काय बोलू नको."

मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी लाइट आली, निखिलनं हेडफोन चढवले, नवीच चाल सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला म्हणाला — "आवळटेप". माझं बेसवरचं बोट घसरलं. आशिष वैतागून म्हणाला, "संत्या, झोपलायस का?"

त्या संध्याकाळी बाबांनी मला कणगीमागे नेऊन सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

बाबांना मोठा भाऊ होता, नामदेव. मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. पाणी अडवायला सुरुवात झाली त्या पावसाळ्यात सगळ्यांनी सामान वर टेकडीवर आणलं होतं. नांगर तेवढा दोणवतीत राहिला, नदीकाठच्या खाचरात. नामदादा म्हणाला, घेऊन येतो. तो परत आला नाही. पाणी रात्रीतून चढलं. कोणी म्हणालं बुडाला, कोणी म्हणालं कसाऱ्याच्या बाजूला जाताना दिसला. आजीनं शेवटपर्यंत त्याचं दिवसकार्य करू दिलं नाही. मरताना बाबांना म्हणाली, कवाडाला कडी लावू नको, तो येईल.

"मग आता कळलं, तुम्हाला उकडतं का ते," मी म्हटलं. हसायला म्हणून म्हटलं.

बाबा हसले नाहीत. "दोणवत नदीला लागून. मंग घोणसळ. मंग लांबोडी, आवळटेप. हा पोरगा वरून खाली नाय जात, संतोष. खालून वर येतोय. घराकडं."

"आणि पुढं?"

"पुढं खळवट. खळ्याशेजारचा. त्याच्या पुढं घर." त्यांनी कवाडाकडे बोट केलं. "पन घर कुठं हाय तिथं? घर तर मी उचलून आनला. तो येईल, अन् तिथं काय बघंल?"

हे ऐकल्यावर मला जी भीती वाटली ती भुताची नव्हती. बाबांचा चेहरा बघून वाटली. आई म्हणाली, "त्या पोरांना घरी पाठवा. माज्या घरात नको हा खेळ." बाबा म्हणाले, "गाऊ दे. आता मधीच नको थांबवू." मला वाटत होतं निखिलला गदागदा हलवून विचारावं. विचारलंही, पण आडून. तो म्हणाला, "अरे, येतं तोंडात. नंतर टाकू ना नीट शब्द. तू एवढा सीरियस का झालास?"

पुढचा दिवस कोरडाच गेला, लाइट जेमतेम आली आणि चाल सुचली नाही. बाबा दिवसभर पडवीतून हलले नाहीत, जेवलेही तिथेच. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी लाइट आली. निखिलनं एक संथ, गोल फिरणारी चाल धरली, तीनच कॉर्ड्सची. आशिषनं काठ्या ठेवून हातांनीच ताल धरला. मी मागोमाग. निखिलचे डोळे मिटलेले. "खळवट," तो म्हणाला. मग पुन्हा "खळवट". मग बराच वेळ नुसती गिटार.

आणि मग त्यानं जे गायलं ते नाव नव्हतं.

"भोपळ्या... ए भोपळ्या... कवाड कुठं गेला रे?"

आशिष फिसकन हसला. भोपळा म्हणजे डमी परत भेंडीच्या लाइनीवर आले असं त्याला वाटलं असणार. पण पडवीतून बाबा आत आले होते, आणि त्यांचा चेहरा बघून आशिषचं हसू जागच्या जागी थांबलं. नंतर कळलं, बाबांना लहानपणी भोपळ्या म्हणणारा एकच माणूस होता.

"भोपळ्या, कवाड कुठं गेला?"

बाबा निखिलसमोर मांडी घालून बसले. माइक त्याच्या तोंडासमोर होता, तो त्यांनी हातानं स्वतःकडे वळवला. मी वाजवतच राहिलो. थांबलो तर काय होईल याची भीती वाटत होती. बाबा फोनवर बोलायचे तसे मोठ्यानं बोलले, पलीकडचा लांब आहे म्हणून.

"दादा, मी हाय रे. कवाड मी हितं आनलाय. तिथं नको थांबू, तिथं कोन नाय. पान्याकडं पाठ कर अन् टेकडी चढ. वरती डांबरी रस्ता लागंल, तुज्या टायमाला नव्हता तो. तिथून उजवीकडं. चालत ऱ्हा. मंग रेल्वेचा फाटक येतो. गाडी बघून ओलांड, दादा, गाड्या लय झाल्यात आता. फाटकापासून चिंचेपातुर ये. चिंचेखालून पाहिला ना, का आपला कवाड दिसंल. उघडा हाय. मी कडी नाय लावली कदी."

एवढं बोलून ते रडायला लागले. मी बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही.

निखिल गातच नव्हता आता. डोळे मिटून त्याच तीन कॉर्ड्स फिरवत होता, चालल्यासारखा. कॅसेट संपली, रेकॉर्डर खट्ट करून बंद झाला, तरी तो वाजवत होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आमच्यापैकी कोणी थांबलं नाही. बाबा कवाडाकडे बघत होते. बाहेर रखरखीत ऊन, अंगणात कोंबड्या, बाकी कोणी नाही.

मग निखिलचे हात आपोआप थांबले.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या. बाबांकडे तिनं पाहिलंही नाही. उंबऱ्याशी गेली, आणि मोठ्या दिरासमोर घ्यावा तसा डोक्यावरून पदर घेतला. ज्याला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं त्याला हळू आवाजात म्हणाली, "भावजी, पाय धुवा." आणि पायरीवर पाणी ओतलं.

एवढंच. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, थंड वारा वगैरे आला नाही. कॅसेट मी नंतर खूपदा ऐकली. तिच्यावर आमची वाद्यं आहेत, निखिल आहे आणि बाबा आहेत. चौथं कोणी नाही.

निखिलला सगळं आठवतं. तो कुठल्या तंद्रीत वगैरे नव्हता. म्हणाला, नेहमीसारखं तोंडात आलं ते म्हटलं, काका येऊन बोलायला लागले म्हणून चाल धरून ठेवली. त्यानंतर त्याला डमी सुचेनात. भेंडीसुद्धा नाही. पाचही गाण्यांना आम्ही शहाण्यासारखे शब्द बसवले आणि ती सपक झाली. डेमो परत आला. ‘फाटक’ वर्षभरात बंद पडलं. निखिल आता पुण्यात नोकरी करतो, आणि मी विचारलं की अजूनही म्हणतो, "मला खरंच माहीत नाही, संत्या."

मी खूप डोकं चालवलंय. बाबा झोपेत बरळत असतील आणि निखिलनं ऐकलं असेल? पण दोणवत तो डोंबिवलीहून घेऊन आला होता. त्याचे आईवडील सांगली बाजूचे, इकडे ओळखीपाळखीचं कोणी नाही. बरं, नावं मानली योगायोग. क्रमही? आणि भोपळ्या? तुमच्यापैकी कोणाकडे पटेल असं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. माझ्याकडे आजतागायत नाही. बाबांना एकदाच विचारलं होतं, हे कसं झालं असेल? ते म्हणाले, "मला कशाला पाहिजे ते?"

त्या वर्षी पितृपक्षात त्यांनी पहिल्यांदा नामदादाच्या नावानं पान वाढलं. पण मला त्याहून जास्त आठवते ती ‘खळवट’ गायलं त्या दिवसाची संध्याकाळ. जेवणं झाली. आशिष आणि निखिल पडवीतलं सामान आत घेत होते. बाबांनी दाराजवळचं स्वतःचं अंथरूण उचललं आणि आत नेऊन टाकलं. मग मला म्हणाले, "संतोष, कडी लाव. सगळी आली घरात."

मी लावायला गेलो तर कडी बसेना. कधी वापरलीच नव्हती, गंजून गेली होती. मग आईनं खोबरेल आणून दिलं.