शिवणाच्या बाईंची झोपेची पिशवी

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी आयुष्यात एकही वस्तू परीक्षा घेतल्याशिवाय घरात आणली नाही, आणि त्यांच्या परीक्षेत पहिल्याच खेपेला पास झालेली वस्तू निदान नाशिक शहरात तरी कुणी पाहिलेली नाही. मेन रोडच्या दुकानात चपला घालून बघायच्या म्हणजे इतर बायकांसारख्या त्या सतरंजीवर चार पावलं टाकून थांबत नसत. त्या चपलांनिशी तडक गोदाघाटावर जात, पायऱ्या उतरत, चढत आणि अर्ध्या तासाने परत येऊन "डावी बोलते" एवढं सांगून चपला काढून ठेवत. चप्पलवाला पहिल्यांदा घाबरून मागे धावला होता म्हणे. पुढे तो त्यांना पाहिलं की स्वतःच विचारी, "बाई, घाटावर चाललाच आहात तर माझी मेथीची जुडी आणाल का?" लोखंडी कपाट घ्यायला त्या मला बरोबर घेऊन गेल्या होत्या. कुलूप दहादा फिरवून झाल्यावर त्यांनी पदर खोचला, आत शिरल्या आणि मला म्हणाल्या, "लावा दार." मी लावलं. आतून आवाज आला, "साड्या गुदमरतील." साड्यांच्या वतीने आलेली तक्रार दुकानदाराने जन्मात पहिल्यांदाच ऐकली असावी.

बाईंची उंची चार फूट दहा इंच, चाल मात्र सहा फुटी माणसाची. पांढरी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात कायम मापाची टेप. ती टेप त्या स्नेहसंमेलनातही काढत नसत, त्यामुळे पाहुण्यांना वाटे, बाईंचा सत्कार आधीच उरकलाय. शिक्षकांना त्या नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. मी भूगोल शिकवायचे, म्हणून मी "भूगोल". "अहो भूगोल, डबा खाल्लात का?" असं त्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून विचारीत. एकदा तपासणीला मोठे साहेब आले होते. सगळी शाळा श्वास रोखून उभी, आणि बाई त्यांच्याकडे एकटक बघत म्हणाल्या, "साहेब, तुमचा उजवा खांदा अर्ध्या इंचाने उतरलाय. बॅग डाव्या हातात घेत चला." साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आठवत नाही, पण जाताना बॅग डाव्या हातात होती.

या बाईंनी निवृत्तीच्या वर्षी, जानेवारीत, मधल्या सुट्टीत जाहीर केलं की दिवाळीनंतर त्या बुद्धगयेला जाणार आहेत. आम्ही अभिनंदन करायला तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "चालत."

मी भूगोल असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशा काढला आणि बोटाने दाखवलं: चांदवड, मालेगाव, धुळे, मग अमरावती, नागपूर, जबलपूर, रिवा, बनारस आणि शेवटी गया. बोटसुद्धा दमलं. "बाई, रेल्वे आहे हो," हेडमास्तर काकुळतीने म्हणाले. बाई म्हणाल्या, "रेल्वे तेव्हाही होती."

"तेव्हा" म्हणजे काय ते त्यांनी मला एकटीला, घरी जाताना सांगितलं. छप्पन साली, धम्मदीक्षेच्या वेळी त्यांच्या घरचे, वस्तीतले सगळे नागपूरला गेले होते. बाईंचे यजमान नुकतेच वारलेले, शाळेतली नोकरी कच्ची, आणि ती पक्की व्हायची तर शिवणाची परीक्षा द्यायलाच हवी होती. परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आली. "सगळे आनंदाने रडत परत आले, आणि मी घरात बाहीचा मुंढा बेतत बसले होते," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्गात पास झाले. नोकरी पक्की झाली. पण भूगोल, तेव्हापासून एक वाट माझ्यावर चालायची राहिली आहे. आधी नागपूर, मग पुढे. गाडीने गेले तर ती फिटणार नाही."

बरोबर येणार होत्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई. माहेर सटाण्याकडचं, बोलणं अहिराणी, आणि झोप अशी की बसल्या जागी पापणी मिटली की घोरणं सुरू. विहारातले आणखी दोघे म्हातारे नवरा-बायकोही निघणार होते. ठिगळांची गोधडी काखेत मारली की जाऊबाईंची तयारी संपली. बाईंनी मात्र ती गोधडी वाण्याच्या तराजूत घालून बघितली. साडेतीन किलो. "एवढं ओझं रोज दहा कोस वाहायचं? मला झोपेची पिशवी हवी. हलकी, उबदार आणि कूस बदलता येईल अशी." जाऊबाई खांदे उडवून म्हणाल्या, "मनी गोधडी शे ना! थंडी माले वळखस." म्हणजे थंडी त्यांना ओळखत होती. बाईंची आणि थंडीची मात्र अजून ओळख व्हायची होती, आणि ती परीक्षेशिवाय होणार नव्हती.

पहिली वारी झाली देवळाली कॅम्पात. तिथे लष्करातून बाद झालेल्या मालाचं एक दुकान होतं: बूट, बादल्या, पाण्याचे डबे, आणि छताला टांगलेली एक हिरवी, जाडजूड स्लीपिंग बॅग. दुकानदार पांढऱ्या दाढीचे चाचा. ते मोठ्या अदबीने म्हणाले, "बाईजी, इसमें करनल साब सोये हैं. बरफ में!" बाईंनी चपला काढल्या, बॅग दुकानाच्या मधोमध पसरली आणि आत शिरल्या. पाच मिनिटं नुसतं घड्याळ घातलेलं मनगट बाहेर दिसत होतं. एक गिऱ्हाईक आत आलं आणि पाय न वाजवता परत गेलं. मग बाई बाहेर आल्या. "गरम आहे. पण वासावरून वाटतं, कर्नल अजून आतच आहेत. शिवाय कर्नल सहा फुटी. माझ्या पायांच्या खाली सव्वा फूट पिशवी मोकळी राहते. ती मी गयेपर्यंत कुणासाठी वाहू?" चाचा खो खो हसत सुटले. त्यांनी आतून एक गुंडाळी काढली. जुन्या पॅराशूटचं कापड. बाईंनी ते गालाला लावलं, फुंकर मारली, तोंडात धरून ओढलं, पाण्याचा थेंब टाकून बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही पाहिलं नव्हतं. "चाचा," त्या म्हणाल्या, "ही पिशवी मीच शिवते."

आता प्रश्न आत काय भरायचं. साधा कापूस जड, लोकर अंगाला टोचते, पिसं वास मारतात. बाईंचं मत पडलं सावरीच्या कापसावर. एप्रिलमध्ये त्र्यंबक रोडच्या सावरीच्या झाडांखाली आम्ही दोघी रविवार-रविवार बोंडं वेचत फिरलो. सावरीचा कापूस इतका हलका असतो की तो धरावा लागत नाही, थोपवावा लागतो. हे मला माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त हेडमास्तरांना. बाई शिक्षकखोलीत दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून बोंडं सोलत बसल्या होत्या. हेडमास्तर घाम पुसत आत आले, "काय हा उकाडा!" म्हणाले आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. पुढचं अर्धं मिनिट कुणालाच काही दिसलं नाही. धुरळा खाली बसला तेव्हा हेडमास्तर दारात उभे होते, केसांसकट, मिशांसकट, कोटासकट पांढरेशुभ्र, आणि एकामागून एक शिंकत होते. बाईंनी त्यांच्या कोटावरचा कापूस हलक्या हाताने वेचून पिशवीत भरला. "हलू नका सर," त्या म्हणाल्या, "खांद्यावर चांगला मऊ बसलाय."

पिशवी शिवताना जावाजावांचं रोज भांडण होई. बाई मशीनवर कडा मारीत आणि जाऊबाई हाताने चौकडे टाचीत, कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून. गोधडीवाल्या बाईच्या टाक्याला तोड नाही, हे बाई मान्य करीत, पण पाठीमागे. समोर मला म्हणत, "टाके जरा दाट पडतात तुमच्या जाऊबाईंचे." माझ्या काय त्या जाऊबाई लागणार! पण ऐकवायचं तिसऱ्याला, अशी त्यांच्या घरची रीत होती.

मे महिन्यात पिशवी तयार झाली आणि नवा पेच पडला. थंडीसाठी शिवलेली वस्तू नाशिकच्या मे महिन्यात तपासायची कशी? बाईंनी दोन दिवस विचार केला आणि गावाबाहेरच्या बर्फाच्या कारखान्यात गेल्या. मालकाची मुलगी त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे परवानगी मिळाली. भर दुपारी लाद्यांच्या दोन रांगांच्या मधे, फळ्यांवर पिशवी पसरून बाई आत शिरल्या आणि डोक्यापर्यंत चेन ओढून घेतली. मी शाल पांघरून, हातात त्यांचं घड्याळ घेऊन दातावर दात वाजवत उभी. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. कामगार दाराशी जमले. त्यातला एक जण हळूच म्हणाला, "बाई, त्या आतल्या बाई जित्त्या हायेत ना?" मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग पिशवीतून स्पष्ट, शांत आवाज आला, "भूगोल, मला झोप लागली होती." सगळे हसले. बाईही हसल्या आणि चेन उघडायला गेल्या, तर चेन अडकलेली. मी ओढली, कामगारांनी ओढली, चेन जागची हलेना. शेवटी चौघांनी बाईंना पिशवीसकट उचललं आणि बाहेर उन्हात आंब्याच्या झाडाखाली आणून ठेवलं. "लय हलक्या हायेत," एक जण कौतुकाने म्हणाला. "पिशवीबद्दल म्हणताय ना?" आतून चौकशी झाली. त्याच संध्याकाळी त्यांनी चेन उसवली आणि नाड्या लावल्या. "चेन म्हणजे शिवणाचा आळस," हा त्यांचा शेवटचा निर्णय. घाटावरच्या भाजीवालीच्या तराजूत पिशवी एका बाजूला आणि सव्वा किलो गवार दुसऱ्या बाजूला घातली तेव्हा काटा स्थिर झाला, आणि बाई निघायला मोकळ्या झाल्या.

दिवाळी झाली, त्यांचा निरोपसमारंभ झाला, आणि एका सकाळी विहारात वंदना घेऊन चौघं निघाली. मी आडगावपर्यंत सोबत चालले. "पुढे या की," बाई म्हणाल्या. मी सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत म्हणून सांगितलं. ते खरंही होतं. मग कार्डं येऊ लागली. धुळ्याहून: "पिशवी उत्तम. पाय मध्यम." अमरावतीच्या अलीकडून: "एका गावी देवळाच्या ओसरीवर झोपू दिलं नाही. जात विचारली, आम्ही सांगितली. मग शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. व्हरांडा जास्त रुंद होता." नागपूरहून आलेल्या कार्डावर पत्त्याशिवाय एवढंच होतं: "पोचले." ते कार्ड मी शिक्षकखोलीत वाचून दाखवलं आणि हेडमास्तर उगाचच खिडकीबाहेर बघू लागले.

त्यानंतर दोन महिने कार्ड नाही. मार्चमध्ये नाशिकरोड स्टेशनवर चौघं उतरली, काळवंडलेली, रोडावलेली, हसरी. पण बाईंच्या काखेत गोधडी होती आणि पिशवी जाऊबाईंच्या खांद्यावर! खुलासा जाऊबाईंनीच केला. रिव्याच्या पुढे थंडी त्यांची ओळख विसरली. चार दिवस ताप. एका धर्मशाळेत बाईंनी त्यांना पिशवीत घालून नाड्या बांधल्या, पेज भरवली, दोघा म्हाताऱ्यांना म्हणाल्या, तुम्ही पुढे व्हा. ते गेले नाहीत. पाचव्या दिवशी ताप उतरला, पुढे चौघांनी गयाही गाठली, पण जाऊबाई पिशवीतून निघायला तयार होईनात, त्या आजतागायत. "मग तुम्ही, बाई?" मी विचारलं. "मी गोधडीत," बाई म्हणाल्या. "साडेतीन किलो वाहिले. काय करता, दाट टाक्यांची ऊब वेगळी असते." हे त्यांनी जाऊबाईंच्या तोंडावर सांगितलं. जाऊबाई रडायला लागल्या आणि रडता रडता स्टेशनच्या बाकावर झोपल्या.

दुसऱ्या वर्षी बाईंनी मला एक गुंडाळी आणून दिली. निळ्या कापडाची, माझ्या उंचीची पिशवी. माप कधी घेतलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पंधरा वर्षं बघतेय की तुम्हाला. यंदा सांचीला निघतोय. चला." मी घरच्या अडचणी सांगितल्या. त्या पुन्हा गेल्या, आणखी एकदा गेल्या. मी दर वेळी आडगावपर्यंत गेले आणि परत आले.

पुढे बाईंची नजर अधू झाली, मग आठवणही. त्या इंदिरानगरला पुतण्याकडे राहायला गेल्या. मी महिन्यातून एकदा जायचे. कधी ओळखत, कधी नाही. एका दुपारी मी गेले तर त्या गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघून चेहरा एकदम उजळला. "या भूगोल! पायाचे फोड बरे झाले का?"

"कोणते फोड, बाई?"

"असं काय करता? अमरावतीच्या पुढे आले होते ते. मी बिब्ब्याचं तेल लावलं, तर केवढ्या ओरडलात!" त्या हसल्या. "जाऊबाई घोरत होत्या, तुम्हाला झोप येईना, आणि तुम्ही मला ताऱ्यांची नावं सांगत होता. निळी पिशवी होती तुमची. तुम्ही माझ्या शेजारीच होता की गयेपर्यंत."

मी त्यांचा हात हातात घेतला. नाही म्हणणं सोपं होतं, पण मला ते जमलं नाही, आणि जमावं असंही वाटलं नाही.

"हो बाई," मी म्हणाले. "शेजारीच होते."

"झोप लागली ना पिशवीत?"

"छान लागली."

बाईंनी समाधानाने मान हलवली आणि मग त्या मला एकेक मुक्काम सांगत गेल्या: कुठली विहीर गोड, कुठल्या फाट्यावरून उजवीकडे वळलो, कुठे एका शेतकरणीने हरभरा उपटून दिला. आणि खरं सांगते, त्या गॅलरीत बसल्या बसल्या मलाही तो रस्ता हळूहळू आठवायला लागला.