गुरुवारी दक्षिणेचे दार

लिहिण्याचा आगाऊपणा करतो आहे, त्याची आधी क्षमा मागतो. आमच्या घरी मराठी बोलतात, वाचतात मात्र तमिळ. देवनागरी मी कॉलेजात आल्यावर शिकलो, आणि घरातून कॉलेजात जाणाराही मीच पहिला. तेव्हा शब्द चुकला तर तो माझा, आईचा नव्हे.

त्या गुरुवारी दुपारी पावसाने धुतलेला उजेड राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत उतरला होता, गिरणीकडून उकड्या तांदळाचा गोडसर वास येत होता, आणि मी संगणकात एक घर बांधून आईसमोर ठेवले होते. चित्रे नसलेला, नुसत्या तमिळ शब्दांचा खेळ: खोलीचे वर्णन वाचायचे, दिशा लिहायची, पुढच्या खोलीत जायचे. त्यासाठी मी ‘खोली’ नावाचा क्लास लिहिला होता. क्लास म्हणजे इडलीपात्रासारखा साचा, त्यातून निघणाऱ्या प्रत्येक खोलीला आपले नाव असते आणि कोणत्या दिशेला कोण शेजारी, हे ठाऊक असते. घरातल्या कोणी माझ्या सांगण्यावाचून खेळ शेवटास नेला, तरच कॉलेजातले सर तो स्वीकारणार होते. संध्याकाळ टळली की विषय राहिला.

आई खेळातल्या ओसरीवर पोहोचली. तिथून पुढे एकच दार, दक्षिणेला. आई थांबली.

“आज गुरुवार,” भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिने बोट दाखवले. आमच्याकडे त्याच्या पानावर रोज छापतात, कोणत्या दिशेला शूल, म्हणजे त्या वारी तिकडे जाणे अशुभ, आणि जायचेच तर त्यावर उतारा काय. “दक्षिणेला शूल. जायचं नाही.”

“आई, हे खोटं घर आहे.”

“मग खोट्या घरासाठी खरा शूल कसाला घ्यायचा, कण्णा? गुरुवारचा उतारा तेल. ते दे. बोट लावून जाते.”

खेळातले तेल स्वयंपाकघरात होते. स्वयंपाकघर दक्षिणेला होते.

“लग्नाच्या दिवशीही ही अशीच दारात अडली होती,” अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले.

“तेव्हाच परत फिरायला हवं होतं,” आई म्हणाली.

खोलीला शेजारी ठाऊक असला की वाट झाली, असे मी इतके दिवस धरून चाललो होतो. आता कडी-कुलूप नसलेले दार एका वाराने बंद झाले होते, आणि ते बंद असणे खोलीत लिहावे, दारात लिहावे की दारात उभ्या राहिलेल्या माणसात, हे कोणत्याच धड्यात नव्हते. अखेर मी दिशा खोलीतून सोडवून घेतल्या, ‘दार’ हा वेगळा क्लास केला, आणि ओसरीवर तेलाची वाटी ठेवली. आईने बोट लावले, दक्षिणेला गेली, तिथून पूर्वेला परसात, आणि जिंकली.

“स्वयंपाकघरात दिवा नाही ठेवलास,” एवढेच म्हणाली. मी खेळ पाठवून दिला.

मग चार रात्री नीट झोप नाही. सोमवारी सकाळी सरांचा निरोप आला: “स्वीकारला. पण माझी आई तासभर तुझ्या स्वयंपाकघरात, पूर्वेच्या दारात उभी आहे. विचारते, सोमवारचं दही कुठे ठेवलंय?”