हसून म्हणा, आज आभाळ आलंय

मंडळी, वारूळवाडीतल्या आमच्या बायकांच्या इंग्रजी क्लासातून दुपारी घरी आले, तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये.

आज धडा होता हवामानाचा. मॅडम म्हणाल्या, "अनोळखी माणसाशी काय बोलावं ते सुचलं नाही, तर हवेवर बोला. त्यात कुणाचं मन दुखत नाही." मग फळ्यावर 'इट इज क्लाउडी' लिहून त्यांनी शेजारी एक हसरा चेहरा काढला.

पहिली पाळी पिंपरी पेंढारच्या संगीताताईंची. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि वाक्य अगदी बरोबर म्हटलं.

"छान. आता जरा हसून म्हणा."

"हसू कशी मॅडम? सकाळपासून आभाळ आलंय. द्राक्षं तोडणीला आलीत. आता पाऊस झाला तर मणी तडकत्याल."

एवढं बोलून त्यांनी घरी फोन लावला. मग आम्ही सगळ्याच पर्समध्ये मोबाइल शोधायला लागलो. आमचा कांदा काढून वावरातच पडलाय. मी ह्यांना विचारलं, "त्यावर प्लास्टिकचा कागद टाकला का?"

मॅडम रागावतील असं वाटलं, पण त्या स्वतःच फोन घेऊन व्हरांड्यात जाऊन उभ्या. त्यांच्या वडिलांची शेती कळंबला. "दादा, तिकडं बी आलंय का आभाळ? कांदा झाकला का न्हाई?" मॅडमचं असं बोलणं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

आत येऊन त्यांनी तो हसरा चेहरा पुसला. वाक्य तसंच ठेवलं.

हे लिहिता लिहिता मी सारखी दारात जाऊन वर बघतेय. तुमच्याकडं काय आहे आभाळाचं? हसून नका सांगू, खरं सांगा.